उठून दिलेली जागा

रहिमतपूर सोडून गाडीने वेग धरला तेव्हा नानासो आपल्या जागेवरून उठले, बाकाकडे हात करून समोरच्या बाईला म्हणाले, "बस बाई," आणि ती बाई बसली नाही. घडले ते एवढेच. परंतु तिसऱ्या वर्गाच्या त्या डब्यात माणसे श्वासाला श्वास लागेल अशी दाटून उभी होती, वरच्या फळीवर गाठोड्यांच्या शेजारी दोन गडी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, दाराशी एक कल्हईवाला आपल्या भात्यावरच टेकला होता. अशा ठिकाणी हातभर लाकूड रिकामे पडले, आणि त्याच्या एका अंगास नानासो उभे व दुसऱ्या अंगास ती उभी, असे काहीतरी विलक्षण होऊन बसले. बाईच्या कडेवर तीन-साडेतीन वर्षांची मुलगी होती. पायांशी गाठोडे होते. गडद निळ्या लुगड्याचा पदर हनुवटीच्याही खाली ओढलेला होता. जागा रिकामी होताच ती अर्धवट वळली, दाराजवळचा लोखंडी दांडा तिने धरला आणि तोंड बाहेरच्या रानाकडे केले. तिला ऐकू गेले नसावे असे वाटून नानासोंनी पुन्हा एकदा म्हटले. पदराआड मान किंचित हलली. ती होकाराने हलली की नकाराने, हे त्यांना उमगले नाही.

आपण उठलोच का, हा प्रश्न त्यांना त्यानंतर पडला. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात ते कोणा स्त्रीसाठी उठले नव्हते. लोक त्यांच्यासाठी उठत. चावडीत पाऊल टाकले की घोंगडी रिकामी होई, लग्नमंडपात लोडाजवळची माणसे सरकत, देवळात कीर्तन चालू असले तरी पुढल्या रांगेत हालचाल होई. आणि हे सारे त्यांना झाडाखाली गेल्यावर सावली पडावी तितके स्वाभाविक वाटे. वडीलधारा समोर आला की धाकट्याने उठून उभे राहावे, त्याला प्रत्युत्थान म्हणतात आणि तो धर्म आहे, असे घरी चातुर्मासात पोथी सांगणाऱ्या पुराणिकबुवांनी त्यांना लहानपणीच सांगितले होते. उठायचे कोणी हे त्यात स्पष्ट होते. वडीलधाऱ्याने कोणासाठी उठायचे, याविषयी बुवा काही बोलल्याचे त्यांना आठवत नव्हते. आज कोरेगावला गाडीत चढतानाही पलटणीतून सुटी झालेला एक शिपाई तत्काळ उठला होता आणि "बसा नाना" म्हणून दाराशी गेला होता. त्या पोराने नाव-गाव न विचारता नाना म्हटले आणि ते बसले. ती जागा अजून त्याच्या अंगाच्या उबेने कोमट होती. त्या उबेनेच काही केले असेल काय? कारण बसल्याबसल्या त्यांना आकारामाचे पत्र आठवू लागले होते.

आकाराम हा त्यांचा एकुलता मुलगा. पलटणीबरोबर तो मिसर देशात गेला आणि तीन वर्षांमागे कैरोहून त्याचे पत्र आले. शाळेच्या मास्तरांनी ते सोप्यात बसून मोठ्याने वाचले होते. "तीर्थरूप नानांस शिरसाष्टांग नमस्कार. येथे रस्त्यात लोखंडी रुळांवर ट्राम नावाची गाडी चालते. तीत बाईमाणूस चढले की पुरुष उठून जागा देतात. आम्ही पहिल्यांदा फार हसलो. मग एके दिवशी एक म्हातारी चढली, तिच्या हातात कोंबडी होती, मी उठलो. ती तिच्या भाषेत काही बोलली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. काय बोलली ते कळले नाही. पण नाना, दिवसभर बरे वाटले." येथे नानासो खदखदून हसले होते. "कोंबडीवालीला उटून जागा देतंय बेनं," असे ते म्हणाले होते आणि सोप्यातील सारी मंडळी हसली होती. माजघराच्या दाराआड सून उभी असेल, तिनेही ते पत्र आणि ते हसणे ऐकले असेल, असा विचार त्या वेळी त्यांच्या मनाला शिवला नव्हता. आज तो शिवला. पुढील साली इटलीतून पलटणीची तार आली, आणि त्यानंतर त्या हसण्याचे काय करावे हे नानासोंना कधी कळले नाही. ते हसणे परत घेता येत नव्हते. रहिमतपूरला ही बाई चढली, दांड्याला धरून उभी राहिली, आणि ते आपोआप उठले. जणू कोणी त्यांच्या खांद्यावर हात ठेवणार होते.

"आगं बस की बाय," समोरच्या बाकावरची हरणाबाई म्हणाली. ही एक वांगी-मिरच्या विकणारी जाडजूड बाई. कोरेगावपासून तिने डब्याला आपले नाव, गाव, जावयाचे व्यसन, सारे सांगून टाकले होते. "म्हातारं मानूस उटून जागा देतंय. पोरगी कडंवर घिऊन किती येळ उबी ऱ्हानार?"

बाई हलली नाही.

"बसत न्हाई तर न्हाई," दाराशी टेकलेला कल्हईवाला रहिमान म्हणाला. "नाना, तुमीच बसा परत. तुमी उबं, त्या उब्या, आन् बाक मोकळं. ह्ये असं मी सर्कशीतबी बगितलं न्हाई."

"तू बस मंग," कोणीतरी म्हणाले.

"मी कशाला? माजा भाता काय वाईट हाय? गुबगुबीत हाय." लोक हसले. रहिमानही हसला, पण रिकाम्या जागेवर कोणी बसले नाही. नानासोंच्या पांढऱ्या मिशांनी व जरीच्या पटक्याने ती जागा जणू बांधून ठेवली होती. ते स्वतःही पुन्हा बसू शकेनात. दिलेली वस्तू परत घेणे त्यांना ठाऊक नव्हते. शेवटी, अशा प्रसंगी घरात ज्या रीतीने बोलण्याची सवय होती त्या रीतीने ते बाईला सोडून तिच्या कडेवरच्या मुलीशी बोलले. "बाळ, तुज्या आईला म्हनावं, बस."

मुलीने त्यांच्याकडे पाहिले, आईच्या पदराकडे पाहिले, आणि आतून अगदी हळू आवाज आला. तोही मुलीलाच उद्देशून होता. "म्हनावं, हाय ती बरी हाय."

नानासो तिच्याकडे पाहत राहिले. आवाज ओळखीचा वाटला असे म्हणता येणार नाही. तो गाडीच्या खडखडाटात पुरता ऐकूही आला नव्हता. ओळखीचे वाटले ते तिचे उभे राहणे. अंग दाराच्या कडेआड, एक खांदा पुढे, पाहणाऱ्याच्या दृष्टीच्या रेषेतून नेमके बाहेर. निम्मी डब्यात आणि निम्मी डब्यात नसल्यासारखी. असे त्यांच्या घरी माजघराच्या चौकटीत चार वर्षे कोणीतरी उभे असे. आणि मग तो विचार आला: ही विजयमाला तर नव्हे? आपली सून?

लगेच त्यांनी स्वतःची समजूत घातली. या मुलखात कोणती सून अशी उभी राहत नाही? सासऱ्याच्या वयाचा कोणीही पुरुष दिसला की बायका अशाच वळतात. त्यांनी मान खाली घातली आणि तिच्या हातांकडे पाहिले. मनगटे ओकी होती. पायांकडे पाहिले. बोटांत जोडवी नव्हती, आणि जेथे ती असावयाची तेथे कातडीवर फिकट कडे उमटले होते. म्हणजे विधवा. पण कुंडलपासून कडेगावापर्यंत आणि तिकडे कोरेगावापर्यंत गावोगाव तारा आल्या होत्या. अशी फिकट कडी किती पायांवर असतील. विजयमालेला ते ओळखत होते, असे आजवर ते समजत होते. आता त्या ओळखीत हात घालून पाहू लागले तो हाती काय आले? पहाटे घुसळखांबाजवळ किणकिणणारा हिरवा चुडा. चौकटीखालून दिसणारी जोडव्यांची चार बोटे. ताटात भाकरी वाढून झटकन मागे जाणारा एक हात. पतीच्या मागे यांतले चुडा आणि जोडवी उतरली, आणि हात तर कोणाचाही हातच. घराण्यात गोशाची चाल होती. सासऱ्याने सुनेचे मुख पाहायचे नाही, तिच्याशी थेट बोलायचे नाही, तिने त्याच्यापुढे बसायचे नाही. ही चाल त्यांनी श्रद्धेने पाळली आणि तिच्यात सुनेचा मान आहे असेच मानले. आता तोच मान समोर उभा होता, आणि चार वर्षे आपल्याला रांधून वाढणारी बाई ही हीच की दुसरी कोणी, एवढे त्यांना सांगता येत नव्हते. अशी लज्जा त्यांना पूर्वी कधी वाटली नव्हती. आणि ती कोणापुढे वाटावी हेही निश्चित नव्हते.

बाहेर ऊस पळत होता. तोड लागली होती, गुऱ्हाळांचा गोडसर धूर अधूनमधून खिडकीतून येई. ही जर विजयमाला असेल तर कडेवरची मुलगी म्हणजे मनू, आकारामाची लेक, जी दीड वर्षाची नसताना या घरातून गेली. तार आल्यावर दहावे-तेरावे झाले आणि विजयमालेचा भाऊ तिला न्यायला आला. जाताना ती उंबऱ्याशी पदर ओढून उभी होती, आणि नानासो खांबाकडे पाहत म्हणाले होते, "पोरीला बरं वाटंल तवा येईल." त्या वाक्याकडे त्यांनी पुढे कितीदा तरी वळून पाहिले होते. बोलताना त्यांना ते औदार्याचे वाटले होते. तिच्या इच्छेवर सारे सोपवले होते. पण माहेरी गेलेली सून आपल्या पायांनी परत येत नसते. सासरहून कोणीतरी मूळ म्हणून जावे लागते. दीर, चुलतदीर, निदान विश्वासाचा गडी. तो गेला, चार माणसांत बसून "न्यायला आलो" म्हणाला, म्हणजे ती निघते. मूळ आले नाही याचा अर्थ नको आहे असा होतो. "मूळ धाडा," असे त्यांची पत्नी अंबूबाई पहिल्याच दिवाळीला म्हणाली होती. "घर तिचं हाय. आपल्या घरी याला तिला मूळ कशाला?" हे नानासोंचे उत्तर. दुसऱ्या दिवाळीला अंबूबाई काही म्हणाली नाही. तिकडे ती माणसे मुळाची वाट पाहत राहिली, इकडे हे तिची वाट पाहत राहिले, आणि आकारामाची लेक दोन्ही बाजूंच्या या वाट पाहण्यात चालायला, बोलायला शिकली.

काल ते साताऱ्यास काम आहे असे सांगून घरून निघाले. साताऱ्यास काही काम नव्हते. कोरेगावात उतरून ते एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे राहिले, आणि आज सकाळी तिच्या माहेरच्या वाटेला लागले. गाव दोन कोस; तेथून पलीकडे रहिमतपूरचे स्टेशनही चालत गाठता येई. कोसभर चालल्यावर ओढ्याच्या काठी ते थांबले. सासरा स्वतः मूळ होऊन आला, असे कोणी ऐकले आहे काय? काय म्हणायचे, कोणाच्या तोंडाकडे पाहून म्हणायचे? आणि तिचा भाऊ जर म्हणाला, आता कशाला आला? दगडावर बसून त्यांनी पटका सोडला, पुन्हा बांधला, आणि ते माघारी फिरले. हे अंबूबाईला सांगायचे नाही असे ठरवूनच ते गाडीत बसले होते.

आणि आता ती, जर ती असेल तर, चार हातांवर उभी होती.

मग एकट्या मनुष्याच्या मनात चालतो तसा एक विचित्र हिशेब त्यांच्या मनात चालू झाला. मी बसलो तर ती बसणार नाही, कारण सासरा बसला आहे. मी उभा राहिलो तर ती बसणार नाहीच नाही. सासरा उभा आणि सून बाकावर, हे कसे होईल? मी खाली भुईवर बसलो तर? मग तर तिला उभे राहणेही कठीण. माझ्याहून उंच कशी राहील? म्हणजे मी जे जे करीन त्याने तिचे पाय अधिकच दुखणार. आणि ती जर परकी असेल, तर एका परक्या बाईच्या अंगावर मी मघापासून डोळे लावून उभा आहे, हे काय म्हणावे? त्यांनी झटकन छताकडे पाहिले. मसूरला गाडी थांबली. पुढे दोन डबे सोडून बायकांचा डबा होता. ती सून असेल तर आता उतरून तिकडे जाईल, असे त्यांनी मनाशी बांधले. ती गेली नाही. म्हणजे ती नव्हे. त्यांना हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याखाली असे काही दुखले की त्यांनी बाकाची पाठ घट्ट धरली. पण गाडी हलल्यावर वाटले, गाठोडे, पोर, आणि मिनिटभराची गाडी. कशी जाईल ती? किंवा, कोण जाणे, मुद्दामच गेली नसेल. मुद्दाम कशासाठी?

"कुटं जायाचं हाय तिला, जरा इचारा," ते हरणाबाईला हलकेच म्हणाले.

"आगं, कुटं उतरनार तू?" हरणाबाईने गाडीच्या आवाजावर आवाज काढून विचारले. पदर हलला. हरणाबाईने कान पुढे केला आणि नानासोंकडे वळून सांगितले, "फुडं जायाचं म्हनती."

"फुडं म्हंजी?"

"फुडं म्हंजी फुडं. माघारी न्हाई, एवडं नक्की." आणि ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली. "तुमास्नी काय, वळकीची वाटती का?"

"न्हाई," नानासो म्हणाले. मग म्हणाले, "म्हंजी, कळंना."

मुलगी आता आईच्या खांद्यावर झोपली होती. झोपलेले मूल जागेपणीच्या दुप्पट जड होते. बाईने एकदा डाव्या पायावरचा भार उजव्यावर घेतला, मग पुन्हा डाव्यावर; रूळ बदलताना डब्याला हिसका बसला तेव्हा तिचा गुडघा वाकला आणि कष्टाने सरळ झाला. ते नानासोंनी पाहिले. आता ती कोण, हा प्रश्न काही वेळ त्यांच्या मनातून नाहीसाच झाला. एवढेच राहिले की ही बाई उभी आहे आणि आपण येथे आहोत तोवर ती उभीच राहणार. शिपायाने जागा दिली तेव्हा तो उठून दाराशी गेला होता, आणि नंतर केव्हातरी दिसेनासा झाला होता. नानासो मात्र जागा देऊन तेथेच राहिले होते.

कऱ्हाडला गाडी बराच वेळ थांबते, इंजिन पाणी घेते. नानासोंनी आपली पिशवी उचलली.

"आवं, कुंडलला उतरनार हुता न्हवं?" हरणाबाई म्हणाली. "जागा धरू का?"

"नगं," ते म्हणाले. "त्यास्नी बसू द्या."

फलाटावर उतरून ते डब्यापासून दूर, माणसांच्या आड गेले आणि थांबले. खिडकीतून बाक दिसत होते. काही क्षण ते रिकामे होते. मग निळे लुगडे तेथे आले, आणि ती बसली. हळूहळू नव्हे, पोते खाली यावे तशी एकदम. मुलीला मांडीवर घेताना तिचा पदर मागे सरकला. आता आठ-दहा पावले पुढे गेले असते तर तिचे मुख दिसले असते. आकारामाने ज्या मुखासाठी मिसरहून पत्रे लिहिली ते हेच काय, याचा तेथल्या तेथे निर्णय झाला असता. पण नानासोंनी पाठ फिरवली. ती सून असेल तर ते पाहणे योग्य नव्हते, आणि परकी असेल तर त्याहूनही नव्हते. पाठ फिरवून उभे असता त्यांच्या ध्यानी आले की ती बसली यावरूनही काहीच सिद्ध होत नाही. रिकाम्या जागेवर कोणीही बसते.

शेवटच्या डब्यात त्यांना पाय ठेवण्यापुरती जागा मिळाली. गुळाच्या ढेपांवर रेललेल्या एका शेतकऱ्याने सरकून "या, टेका" म्हटले, पण ते टेकले नाहीत. बसणे त्यांना जमेना. जणू तीही तिकडे त्यामुळे उठून उभी राहिली असती. शेणोलीला त्यांनी बाहेर वाकून पाहिले. ती उतरली नाही. ताकारीला पाहिले. उतरली नाही. ती उतरावी अशी इच्छा आहे की उतरू नये अशी, हे त्यांना ठरवता आले नाही. सांगलीस किंवा मिरजेस जाणारी कोणी परकी बाई असेल तर बरेच. मग आपण एका अनोळखी जिवाला जागा दिली एवढेच उरेल, आणि ओढ्याच्या काठावरून फिरलो ते आपल्यापाशीच राहील. आणि विजयमाला असून ती सांगलीस जात असेल तर? तिचा एक मामा सांगलीच्या बाजारात हमालांचा मुकादम होता. तर मग आजच्यासारखी ती पुन्हा समोर येणार नव्हती, आणि आपण उठून आलो ते तिला बसता यावे म्हणून की तिला ओळखावे लागू नये म्हणून, हा प्रश्नही सुटणार नव्हता.

कुंडलला उतरायचे ते स्टेशन आले. ते उतरले. वाफ निवळली तेव्हा पुढल्या डब्यातून हरणाबाई गाठोडे खाली देत होती, आणि ते घेणारी निळे लुगडे नेसलेली बाई फलाटावर उभी होती. मुलगी जागी होऊन तिचा हात धरून होती. गाडी गेली. तिने वळून पाहिले, नानासो दिसले, आणि पदर खाली आला. दाराची कड तेथे नव्हती, दांडा नव्हता. उघड्या फलाटावर ती तशीच, एक खांदा पुढे करून उभी राहिली.

नानासोंचा गडी जोतिबा बैलगाडी घेऊन आला होता. तो फलाटावर आला, त्याने नानासोंच्या हातची पिशवी घेतली, मग त्याची नजर पलीकडे गेली आणि तो थबकला. जोतिबा घरचा जुना माणूस. विजयमालेला लग्नानंतर याच गाडीतून त्याने घरी आणले होते आणि याच गाडीतून परत नेले होते. "आवं नाना," तो म्हणाला, "ह्या वैनीसाब न्हवं?" आणि मग त्याने आवाज उतरवला, पण फलाट रिकामा होता आणि उतरलेला आवाजही सगळीकडे जात होता. "एकल्याच? मूळ कोन गेलं हुतं?"

जोतिबाने हे विचारले म्हणजे संध्याकाळपर्यंत सारे गाव हेच विचारणार होते. मूळ गेले नसता आली. न बोलावता आली. माहेरी काय झाले म्हणून आली? माजघरात, पाणवठ्यावर, कोणी तोंडावर, कोणी पाठीमागे, आणि ती पदराआडून ते सारे ऐकणार. माहेरी काय झाले हे नानासोंनाही ठाऊक नव्हते. ती कशी निघाली, कोणाला सांगून निघाली, आपल्याला डब्यात पाहून तिच्या मनात काय आले, हे काहीच त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना फक्त ओढ्याच्या काठचा तो दगड दिसत होता.

"मी गेलो हुतो," ते म्हणाले.

"तुमी?" जोतिबाने त्यांच्याकडे पाहिले. "मूळ म्हनून? सवता?"

"व्हय. मीच गेलो हुतो न्यायला. तिच्या भावाला सांगून घिऊन आलो. काय म्हननं हाय तुजं?"

"माजं काय म्हननं," जोतिबा म्हणाला. "बरं केलं."

हे बोलणे तिने ऐकले होते. नानासो तिकडे न पाहताही जाणत होते की ऐकले. आणि कोणीही मूळ आले नव्हते हे या जगात कोणाला ठाऊक असेल तर तिला. आयुष्यात त्यांनी उघड असे खोटे क्वचितच सांगितले होते, आणि तेही ज्याच्याविषयी सांगायचे त्याच्या देखत कधीच नाही. आता ती काय करील? मुलीला घेऊन दुसऱ्या बाजूने चालू लागेल? ते वाट पाहत राहिले. पायांखालची बारीक खडी त्यांना टोचत होती.

तिने तसे काही केले नाही. ती खाली बसली. तेथेच, उघड्या फलाटावर, सासऱ्याच्या समोर, गाठोड्याला पाठ टेकून ती भुईवर बसली आणि दोन्ही पाय तिने पुढे पसरले. ते थकव्याने घडले, की त्या खोट्याने तिचे बळ गेले, की काही मान्य करून ती बसली, हे नानासोंना कळले नाही. घराण्यात असे कोणी बसले नव्हते. उभे राहावे, की दूर जावे, की पाठ फिरवावी?

तिने गाठोड्याची गाठ सोडली, आतून पितळेचा तांब्या काढला आणि पुढे, दोघांच्या मध्ये, खडीवर ठेवला.

"मनू," ती म्हणाली. आवाज आता स्पष्ट होता. तो असा आहे तर, असे नानासोंच्या मनात आले. "तुज्या आज्याला म्हनावं, पानी आना."

मुलगी आज्याकडे पाहू लागली. पलीकडे नळाखाली फलाट ओला होता.

"द्या, मी आनतो," म्हणून जोतिबा लगबगीने वाकला.

"थांब," नानासो म्हणाले, आणि त्यांनी स्वतः तांब्या उचलला. "मला सांगितलंय."